आधी पैज, मग प्रयोग: मुलांना खेळातून विज्ञानाची रीत कशी शिकवावी

२८ फेब्रुवारी जवळ आला की बेळगाव-खानापूरकडच्या शाळांत थर्माकोलचे ज्वालामुखी उभे राहू लागतात. १९२८ साली याच दिवशी रामन यांचा शोध जाहीर झाला, म्हणून विज्ञान दिन. ज्वालामुखीत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, फसफसून फेस, टाळ्या. पण ज्वालामुखी करणाऱ्या पोराला फेस येणार हे आधीच ठाऊक असतं. बघणाऱ्यांनाही ठाऊक असतं. मग शोधलं काय? देखावा छान असेल, पण त्यात विज्ञानाची रीत नाही.

ती रीत पुस्तकात चौकटीत छापलेली असते: निरीक्षण, प्रश्न, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष. पोरं एका दमात म्हणून दाखवतात. गंमत म्हणजे त्यांना ती पाठ करायची गरजच नसते. गोटी नेमकी कुठे आदळली की समोरची गोटी गलीत, म्हणजे खड्ड्यात जाते, हे अंदाज बांधत, चुकत आणि अंदाज बदलतच पोरं शिकतात. त्यात दोनच गोष्टींची उणीव असते. निकाल लागायच्या आधी अंदाज लिहून ठेवायची सवय नसते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची शिस्त नसते. या लेखातले सगळे खेळ एवढ्या दोन सवयींसाठी आहेत. आठ ते तेरा वर्षांची चार-सहा पोरं असली की पुरे. शिक्षक हवेतच असं नाही. मोठी ताई, कॉलेजात जाणारा दादा, सुट्टीला आलेली आत्या, कुणीही हे घेऊ शकतं.

वही आणि चिंचोके

शंभर पानी वही घ्या आणि पान आडवं धरून चार रकाने आखा: काय विचारलं, माझी पैज काय आणि का, काय झालं, आता काय वाटतं. दुसरा रकाना पेननं भरायचा, पेन्सिलीनं नाही, आणि प्रयोगाला हात लावायच्या आधी. खोडाखोड चालणार नाही. निकाल बघितल्यावर “मला वाटलंच होतं” म्हणणारी पोरं (आणि मोठी माणसं) प्रत्येक गल्लीत असतात. लिहिलेली पैज समोर असली की तो मार्ग बंद होतो.

पैज पैशांची नाही, चिंचोक्यांची. आणि चिंचोके कशाला द्यायचे यावर सगळा खेळ उभा आहे. पैज बरोबर आली म्हणून चिंचोका द्यायचा नाही. दिलात तर पोरं सोप्या, सुरक्षित पैजा लावतात, नाहीतर हुशार पोराच्या वहीत डोकावतात. पैजेचं कारण लिहिलं तर एक. स्वतःची पैज चुकीची ठरू शकेल अशी चाचणी सुचवली तर दोन. निकाल बघून पैज बदलली आणि का बदलली ते सांगितलं तर आणखी दोन. पहिल्या दिवशी वर्गातलं पहिल्या नंबरचं पोर जरा फुगून बसेल. बसू द्या.

आपल्याकडच्या गटात एका घरात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू असं असायचंच. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत लिहावं. आकडे मात्र सगळ्यांनी एकाच लिपीत लिहायचे, म्हणजे तुलना करता येते. मापाचंही तसंच. सुरुवातीला टेप देऊच नका. वितीनं मोजू द्या. एकाच दोरीची लांबी कुणाची सहा विती आणि कुणाची साडेसात भरली की भांडण होईल. ते भांडण पुरतं रंगलं की मग शिंप्याची टेप बाहेर काढा. सगळ्यांचं माप एक का हवं, हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

पंचमीचा झोका

नागपंचमीला आपल्या भागात झाडाला, माडीच्या तुळईला झोके बांधले जातात, माहेरी आलेल्या लेकी झोका चढवतात. हे आयतं साधन आहे. पोरांना विचारा: झोका एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ कशावर ठरतो? बसणाऱ्याच्या वजनावर, किती जोरात ढकललं त्यावर, की दोरीच्या लांबीवर? पैजा लिहून घ्या. बहुतेकांची पैज वजनावर असते. “जड माणूस बसलं की झोका सावकाश जाणार बघा की” हे इतक्या खात्रीनं येतं की ते खोडून काढायचा मोह होईल. आवरा.

पहिली मोजणी खऱ्या झोक्यावर करा. आधी तिसरीतलं पोर बसवा, मग कॉलेजातला दादा. दोघांनीही नुसतं बसायचं, पाय हलवून झोका चढवायचा नाही. थोडंसं मागे ओढून सोडून द्या आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा फेऱ्यांचा वेळ घ्या. दोरी तीन मीटरच्या आसपास असेल तर दोघांनाही पस्तीसेक सेकंद लागतील, फार तर एखाद्या सेकंदाचा फरक. पोरं विश्वास ठेवणार नाहीत, परत मोजा म्हणतील. हेच तर हवं आहे. आता दादाला फळीवर उभं राहू द्या, दोऱ्या घट्ट धरून. वेळ चक्क काही सेकंदांनी कमी होतो. वजन तेच, दोरी तीच, मग बदललं काय? याचं उत्तर देऊ नका. हा प्रश्न वहीत जाऊ द्या.

पुढचं काम दाराच्या चौकटीला बांधलेल्या सुतळीवर करायचं, कारण झोक्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलणं अवघड जातं.

१. छोटी प्लास्टिकची बाटली काठोकाठ पाण्यानं भरून सुतळीला टांगा. टांगल्या जागेपासून बाटलीच्या मध्यापर्यंत बरोबर १०० सेंटिमीटर ठेवा.

२. बाटली हातभर नव्हे, वीतभरच बाजूला ओढून सोडा. सोडताना “शून्य” म्हणा आणि परत आली की “एक”. पोरं सोडतानाच “एक” म्हणतात, मग दहा म्हणेपर्यंत नऊच फेऱ्या झालेल्या असतात. गटागटांचे आकडे जुळले नाहीत तर आधी हे तपासा.

३. दहा फेऱ्यांचा वेळ तीनदा घ्या आणि तिन्हींतला मधला आकडा लिहा. एकाच फेरीचा वेळ का घ्यायचा नाही, हे एका पोराला तसं करायला लावूनच दाखवा. बटण दाबण्यातल्या ढिलाईनं आकडे नाचू लागतात.

४. आता वजन बदला. त्याच बाटलीत पाण्याऐवजी काठोकाठ वाळू. नंतर वजन तेच ठेवून लांबी ५० सेंटिमीटर, मग २५.

वाळू असो की पाणी, १०० सेंटिमीटरला वीस सेकंद येतात, ५० ला चौदा, २५ ला दहा. लांबी निम्मी केली तरी वेळ निम्मा होत नाही, चौथाई केल्यावर होतो. पाचवीच्या पोरांना एवढं कळलं तरी पुष्कळ. आठवीतल्यांना आलेखाच्या कागदावर ठिपके काढायला लावा आणि ७५ सेंटिमीटरला किती येईल यावर नवी पैज घ्या. ठिपक्यांतून हातानं रेघ ओढून कुणी सव्वासतराच्या जवळपास आकडा सांगितला आणि तो खरा निघाला, की त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एक फसवणूक होईल ती मुद्दाम होऊ द्या. काही पोरं वजन वाढवायचं म्हणून दगडाखाली दगड बांधत जातात. वेळ वाढतो आणि “बघा, वजनानं वाढला” म्हणून नाचतात. खरं तर खाली खाली बांधत गेल्यानं लांबीही वाढलेली असते. दुसऱ्या गटाला विचारा: यांनी किती गोष्टी बदलल्या? पोरांनीच पोरांची चूक पकडली पाहिजे, तुम्ही नाही. अर्धवट भरलेल्या बाटलीतही हाच घोळ होतो, वजन खाली सरकतं. उभ्या राहिलेल्या दादाचा प्रश्न इथेच सुटतो. उभं राहिल्यावर अंगाचं वजन वर सरकलं, म्हणजे झोका जणू आखूड झाला.

चलाख पोरांसाठी एक जास्तीचं. गॅलिलिओनं १६०२ मधल्या एका पत्रात झोक्याच्या या गुणाबद्दल लिहिलं. थोडा ओढा की जास्त, वेळ तेवढाच, असं त्याचं मत होतं. बाटली बरीच वर ओढून सोडा आणि सोडल्या सोडल्या नीट मोजा. वेळ किंचित जास्त भरतो. गॅलिलिओ इथे थोडा चुकला होता आणि सुतळी-बाटली घेऊन चौकटीत उभं असलेलं पोर ते पकडू शकतं. मोठ्या माणसाचं म्हणणं तपासून बघता येतं, ही गोष्ट कितीही सांगितली तरी पटत नाही, इथे ती हातानं कळते.

नियम ओळखायचा खेळ

याला काही साहित्य लागत नाही. खानापूर ते बेळगाव एसटीत बसल्या बसल्याही होतो. तुम्ही म्हणा: “माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे. २, ४, ६ त्यात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी बसतात की नाही ते सांगेन. खात्री पटली की नियम सांगा.” पोरं ८, १०, १२ म्हणतील. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग जोरात: “दोन-दोननं वाढणारे!” नाही. तुमच्या मनातला नियम एवढाच आहे की पुढचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा.

१९६० साली पीटर वेसन या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञानं हाच डाव मोठ्या माणसांवर करून बघितला आणि बहुतेक जण पहिल्या उत्तराला असेच फसले. कारण मूर्खपणा नव्हे. आपल्या मनातला अंदाज बरोबर ठरेल असेच आकडे माणूस विचारत जातो. अंदाज मोडेल असे आकडे, म्हणजे १, २, ५० किंवा ६, ४, २, विचारायचं सुचतच नाही. म्हणून इथली चिंचोक्यांची रीत अशी ठेवा: “बसतात” आलं तर काही नाही. “बसत नाहीत” असं उत्तर मुद्दाम मिळवलं तर चिंचोका. दोन-तीन डावांत पोरांच्या विचारण्याची तऱ्हाच पालटते. मला विचाराल तर या लेखातला एकच खेळ घ्यायचा झाला तर हाच घ्या.

पोरं तयार झाली की पत्त्यांवर या. पत्ते म्हटल्यावर घरात भुवया उंचावतील, तेव्हा हा डाव जुगाराचा नाही हे आजोबांना शेजारी बसवूनच दाखवा. रॉबर्ट ॲबट या अमेरिकन माणसानं १९५६ मध्ये एल्युसिस नावाचा खेळ काढला आणि मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात तो लोकांपुढे आणला. आपल्यापुरतं त्याचं सोपं रूप पुरे.

एक जण निसर्ग होतो. तो चिठ्ठीवर नियम लिहून लोट्याखाली ठेवतो. नियम फक्त आधीच्या पानावरून पुढचं कोणतं चालतं एवढाच: लाल पानावर काळं, काळ्यावर लाल, किंवा विषम पानानंतर सम, समानंतर विषम. प्रत्येकाला सात पानं वाटून एक पान मध्ये उताणं ठेवायचं. पाळी आली की एक पान टाकायचं. निसर्ग फक्त “चालतं” किंवा “चालत नाही” म्हणणार. चाललेलं पान ओळीत उजवीकडे जातं. न चाललेलं त्या जागच्या पानाखाली उताणंच राहतं आणि टाकणाऱ्याला गड्डीतलं एक जास्तीचं पान घ्यावं लागतं. न चाललेली पानं गोळा करून बाजूला ठेवायची चूक करू नका. सगळी माहिती त्यांच्यातच असते. कधी कधी ओळ नुसती पुढे जात राहते आणि कुणालाच काही कळत नाही. एका नकारानं सगळं उलगडतं.

ज्याला नियम कळला असं वाटतं त्यानं तो मोठ्यानं सांगायचा नाही. त्यानं “मी ज्योतिषी” म्हणायचं आणि पुढच्या प्रत्येक पानाचा निकाल निसर्गाच्या आधी द्यायचा. ओळीनं सहा निकाल बरोबर आले तर जिंकला, एक जरी चुकला तर ज्योतिषीपण गेलं. निसर्ग होणाऱ्याला चिंचोके कधी? निदान एकाला नियम सापडला आणि निदान एकाला नाही, तेव्हा. नाहीतर पोरं “राजा-राणीच्या लग्नाच्या वाढदिवसाला काळं पान” असले नियम काढतात.

डबा न उघडता

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दोन वस्तू ठेवा, समजा गोटी आणि खोडरबर, आणि चिकटपट्टीनं बंद करा. हलवा, तिरका करा, कान लावा. मग तसाच रिकामा डबा पोरांच्या हाती द्या. त्यात वस्तू घालून बघत बंद डब्यासारखा आवाज आणायचा.

आणि बंद डबा शेवटपर्यंत उघडायचा नाही. पोरं गयावया करतील, एखादं रडेलही. रुदरफर्डनं १९११ मध्ये अणूच्या पोटात केंद्रक आहे असं सांगितलं ते अणू उघडून नव्हे, त्यावर कण मारून ते कसे उडतात यावरून, एवढं सांगा आणि डबा उंच फळीवर ठेवून द्या.

गोट्या, विटीदांडू आणि हात

मैदानी खेळांतून थेट प्रयोग करायला गेलात तर हात पोळतील. विटी किती लांब जाते हे दांड्याच्या लांबीवर ठरतं का, हा प्रश्न उत्तम, पण दर टोल्याला मारणाराच बदलत असतो. म्हणून आधी एकाच पोरानं एकाच दांड्यानं दहा टोले मारावेत आणि पावलं मोजावीत. आकडे किती पसरतात ते बघून विचारा: दुसऱ्या दांड्यानं विटी तीन पावलं पुढे गेली, तर तो दांडा खरंच चांगला का? हा प्रश्न मोठमोठ्यांना छळतो. लगोरीचंही तेच.

हात काढून टाकायचा तर उतार करा. पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ करा. गोटी १० सेंटिमीटर उंचीवरून सोडा आणि तोंडाशी ठेवलेली काड्यापेटी किती सरकते ते मोजा. मग २० सेंटिमीटरवरून. सरकणं साधारण दुप्पट होतं. फरशीवर, सारवलेल्या अंगणात आणि पोत्यावर तेच करा. हा डाव तासाभरात उरकतो.

लाल माती, काळी माती

आपला जिल्हा यासाठी नशीबवान आहे. खानापूरकडे जांभ्याची लाल माती आणि धो धो पाऊस, बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी रान माती. पाहुण्यांकडे जाणाऱ्या प्रत्येक पोराला पिशवीभर माती आणायला सांगा. तिसरी म्हणून मलप्रभेच्या काठची वाळू.

लिटरच्या बाटल्यांची बुडं कापून उलट्या करा, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधा, प्रत्येकीत वाळवून चाळलेली समान माती भरा. पैज: कुणाची माती आधी पाणी सोडते आणि पेलाभर पाण्यातलं किती परत देते? पाणी एकदम ओतायचं नाही, नाहीतर बाजूनं वाट काढतं. वाळू लगेच सोडते, चाळलेली काळी माती अगदी रेंगाळते.

यानंतर एक वळण घ्या. काळ्या मातीची चाळण न करता वाळलेली ढेकळं तशीच भरा. आता पाणी फटींतून सरळ खाली येतं, लाल मातीच्याही आधी. थोड्या वेळानं दुसरा पेला ओता. माती फुगून फटी मिटू लागलेल्या असतात, पाणी तुंबतं. “काळी माती पाणी धरते” हे वाक्य खरं की खोटं? ज्यांच्या घरी शेती आहे ती पोरं इथे बोलू लागतात, एरवी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारीसुद्धा. त्यांना बोलू द्या, आणि त्यांचं म्हणणंही वहीत पैज म्हणूनच उतरवा.

तुम्ही काय करायचं

बहुतेक वेळ गप्प बसायचं. पोरं पैज लावताना कागदाकडे नव्हे, तुमच्या तोंडाकडे बघतात. बरोबर उत्तराला तुमची मान हलली की खेळ संपला. “असंच का?” हा प्रश्न बरोबर आणि चूक, दोन्ही उत्तरांना सारख्याच आवाजात विचारायचा सराव करावा लागतो, आणि तो सोपा नाही. प्रयोग फसला, आकडे वेडेवाकडे आले, तर ते तसेच लिहायला लावा. शेजारच्या गटासारखे आकडे “दुरुस्त” करणारं पोर सापडलं तर रागावू नका. वेगळे आकडे मिळाल्याबद्दल चिंचोका द्या, आपोआप थांबेल.

पालक विचारतील, दहावीच्या एसएसएलसी परीक्षेला याचा उपयोग काय? सरळ सांगा की व्याख्या यातून पाठ होत नाहीत. पण तक्ता भरणं, आलेख काढणं, आकडे वाचणं यांत ही पोरं अडत नाहीत.

कधी तरी कुणी विचारणारच: मांजर आडवं गेलं की काम बिघडतं, हे तपासू या का? तपासा, पण आजीला खोटं पाडायला म्हणून नव्हे. “काम बिघडलं” म्हणजे नेमकं काय हे आधी ठरवून लिहा: शाळेला उशीर, वस्तू हरवणं, मार बसणं. मग चार खाने करा: मांजर आलं आणि बिघडलं, आलं आणि नीट झालं, आलं नाही आणि बिघडलं, आलं नाही आणि नीट झालं. दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी एकेक रेघ. माणसाच्या लक्षात फक्त पहिला खाना राहतो, बाकीचे तीन भरायला वही लागते. निकालावर भाषण करू नका. घरात वाद झालाच तर वही पुढे करा आणि आजीलाही पुढच्या आठवड्याची पैज लावायला सांगा.

क्रम म्हणाल तर सुरुवात २, ४, ६ नं करा, पावसाळ्यात घरात बसावं लागतं तेव्हा पत्ते आणि डबा घ्या, झोका पंचमीच्या आठवड्यात. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत निसर्ग व्हायचं काम पूर्णपणे पोरांकडे जाऊ द्या, तुम्ही पानं टाका आणि खरोखरच हरा. मातीचा खेळ मात्र मे महिन्यासाठी राखून ठेवा. वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की रानात कोरडं ढेकूळ मिळत नाही, तेव्हा माती एप्रिलमध्येच आणून पत्र्यावर वाळत घाला.